ऑर्गन मास्तरांचे अकरा प्रवेश

मास्तरांच्या फोनमधली अकरा रेकॉर्डिंग गेली. ती त्यांच्याच बोटाने गेली, पण चूक माझी होती, आणि त्या दिवशी हे फक्त मला माहीत होतं.

मामाचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या घरी, कामाच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद ठेवून बसायची मला सवय आहे. मामा वडश्याला राहतो. दिवसा एका शाळेत क्लार्क, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. आमच्या झाडीपट्टीत लवकर पिकणारं हलकं धान घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, शंकरपटात बैलजोड्या धावतात, आणि ज्या गावात मंडई त्या गावात नाटक असतंच. या कंपन्यांचा कारभार वडश्याहून चालतो. मामा ज्या कंपनीत आहे तिथे ऑर्गन वाजवणारे गृहस्थ पन्नाशीच्या पुढचे, लहानपणी गोवरात डोळे गेलेले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

"तुह्या ॲपनं मास्तरचं वाटोळं केलं ना बापा," मामा म्हणाला. "नव्या नाटकाचे अकरा प्रवेश पुसल्या गेले. सारेच्या सारे."

मी फक्त "हं" म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडून एवढंच निघतं.

मी ज्या छोट्या कंपनीत काम करते ती ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक ॲप बनवते. वही म्हणा. लिहायची नाही, बोलायची. बोलायचं, नाव द्यायचं, हवं तेव्हा ऐकायचं. फोनवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो, आणि तिथेच दोनदा टिचकी मारली की ते दाबलं जातं. या वहीत रेकॉर्डिंगची यादी दिसते, तो भाग माझा. दोन वर्षांपूर्वी मामाने सांगितलं म्हणून मी मास्तरांना ते पाठवलं होतं.

पूर्वी नवं नाटक आलं की मामा त्यांना सगळं बाड दोनदा वाचून दाखवायचा, आणि कोणत्या वाक्याला सूर धरायचा, कुठे थांबायचं, हे त्यांच्या डोक्यात बसायचं. आता वय झालं होतं आणि एका हंगामात तीन तीन नवी नाटकं यायला लागली होती. म्हणून ते प्रत्येक प्रवेशाचं एक रेकॉर्डिंग करायचे. ज्या वाक्यावर संगीत सुरू होणार ते वाक्य मामाच्या आवाजात, आणि लगेच स्वतः गुणगुणलेली चाल. पावसाळ्यात नाटकं नसतात. त्या चार महिन्यांत त्यांनी नव्या नाटकातल्या गाण्यांना चाली लावल्या होत्या. सगळं त्या अकरा रेकॉर्डिंगमध्ये होतं.

मास्तरांना मी तोवर एकदाही भेटले नव्हते. काही अडलं की ते मला आवाजी निरोप पाठवायचे, आणि मी टाइप करून उत्तर द्यायचे. माझं उत्तर त्यांचा फोन त्यांना वाचून दाखवायचा. बोलण्यापेक्षा मला ते सोपं वाटायचं.

"मालकानं पोस्टर थांबवलं हाये," मामा पुढे म्हणाला. "नटनट्यांची नावं बसली, तबल्याचं बसलं. ऑर्गनच्या समोर कोरं ठेवलं. नागपूरचा एक कीबोर्डवाला हाये त्याच्या डोक्यात. शनिवारी रंगीत तालीम. मास्तरले जमलं तं ठीक, नाई तं या वर्षी घरी."

तो सोमवार होता.

काय झालं असणार ते मला मामाचं बोलणं संपायच्या आत कळलं होतं. यादीत प्रत्येक रेकॉर्डिंगसमोर "काढून टाका" असं बटण आहे. ते दाबलं की ती ओळ सरकत नाहीशी होते आणि खालची ओळ वर येते. ते सरकणं फार छान दिसतं. त्यासाठी मी दोन दिवस घालवले होते. पण ओळ गेल्यावर बोट कुठे राहतं? फोनच्या हिशेबाने बोट तिथेच, आणि तिथे आता पुढच्या रेकॉर्डिंगचं "काढून टाका" आलेलं असतं. फोनने "काढलं" असं बोलावं अशी सोय मी केली होती. पण काही फोनवर ओळ सरकते त्याच क्षणी तो शब्द गिळला जातो. कुणी मला हे सांगितलं नव्हतं, आणि मी तपासलंही नव्हतं. म्हणजे तपासलं होतं, डोळे उघडे ठेवून.

ऑफिसमधल्या सीनियरला मी हे सांगितलं. तो म्हणाला, फाइल परत मिळणार नाही, त्यांना माफीचा निरोप पाठव आणि दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत टाक. यात त्याचं काही चुकलं नाही, कामं अशीच चालतात. मी निरोप टाइप केला, खोडला, पुन्हा केला. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की माझी माफी त्यांना त्या मशीनच्या आवाजात ऐकू येणार आहे, "काढून टाका" म्हणतो त्याच आवाजात. मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं की उद्या वडश्याला जाते.

"कायले?"

"काम आहे."

आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी स्वतःहून कुणाच्या घरी जात नाही, हे तिला माहीत आहे.

चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून गोंदियाची गाडी धरली. मूल, सिंदेवाही, नागभीड. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलं होतं. गाडीत मी एक वाक्य पाठ करत होते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी घरात बोलले, पण वाचायला आणि चारचौघांत बोलायला कधी शिकले नाही. मावसभावंडं माझ्या मराठीची नक्कल करायची, म्हणून कॉलेज संपेपर्यंत मी त्यांच्यात गप्पच राहायचे. तेव्हा वाक्य पाठ करून जाणं मला नवीन नव्हतं.

मास्तरांचं घर वडश्याच्या अलीकडच्या एका गावात, तळ्याच्या पाळीला लागून. घराणं ढिवरांचं. भाऊ अजून तळ्यात जाळं टाकतात. मामा मला दारापर्यंत सोडून शाळेत गेला. मास्तरांच्या बायको ओसरीवर बसून जाळ्याची फाटलेली घरं सांधत होत्या. त्यांनी मान वर केली.

"तुमीच का त्या कंप्युटरवाल्या?"

"हो."

"लय बारीक हाव. मले वाटलं मोठी बाई असन कोणी." सुई पुन्हा चालू झाली. "चार दिवस झाले, माणूस नीट जेवला नाई. घरच्या पेटीले हात नाई लावला."

"जेवलो नाई कायले म्हणतं?" आतून आवाज आला. "काल दोनदा भात घेतला."

"दोनदा घेतला अन् दोनदा ताटात ठेवला."

मास्तर बाहेर आले. दाराच्या चौकटीला एकदा हात लावला आणि सरळ खाटेवर येऊन बसले. "बोला बाई. तुमचा आवाज तं ऐकू द्या. दोन वर्सं मशीनच बोलून राह्यली तुमच्यातर्फे."

पाठ केलेलं वाक्य मला आठवलं नाही. मी विचारलं, "मास्तर, नेमकं काय झालं होतं?"

त्यांनी खिशातून फोन काढला. एक रेकॉर्डिंग वाया गेलं होतं, मध्येच कोंबडी ओरडली होती. ते काढायचं म्हणून त्यांनी बटण शोधून दाबलं. फोन काही बोलला नाही.

"म्या म्हटलं, दबलं नाई. आता पेटीवर सूर नाई निघाला तं आपण काय करतो? भाता मारतो अन् पुन्हा दाबतो. तं म्या पुन्हा दाबलं. तरी चूप. पुन्हा दाबलं. दाबतच राह्यलो. मंग वर जाऊन यादी ऐकतो तं यादीच नाई."

ते हे सगळं दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगत होते. बोटं मात्र फोनच्या कडेवरून फिरत होती.

"ती चूक माझी आहे," मी म्हणाले. "ॲपचा तो भाग मी केला. एक काढल्यावर दुसऱ्याचं बटण तुमच्या बोटाखाली येत होतं. आणि फोनने बोलायला हवं होतं, तो बोलला नाही. तुम्ही काहीच चुकीचं केलं नाही."

मास्तरांची बोटं फोनवर थांबली. त्यांच्या बायकोची सुईही थांबली.

"खरं सांगता?"

"हो."

"मंग तं बरं झालं," मास्तर म्हणाले. "मले वाटलं मायं बोट गेलं. साखर हाये ना मले. डॉक्टर म्हणे बोटाची जाण कमी होते. म्हटलं दबलं का नाई दबलं हेच समजत नसन तं पेटी कायची वाजवतो?"

चार दिवस त्यांनी पेटीला हात का लावला नव्हता, ते तेव्हा कळलं. रेकॉर्डिंग गेल्याचं दुःख होतंच. पण पेटी उघडली आणि तिथेही बोटाला कळलं नाही तर, याची भीती त्याहून मोठी होती. माझ्या त्या सरकणाऱ्या ओळीने ही भीती त्यांच्या घरात आणून ठेवली होती.

मी फोन लॅपटॉपला जोडला आणि दोन तास जे जे येतं ते करून पाहिलं. काही मिळालं नाही. तीन रेकॉर्डिंग त्यांनी ऐकायला म्हणून मामाला पाठवली होती, ती मामाच्या फोनवर सापडली. आठ उरली.

संध्याकाळी मामा आला तो नाटकाच्या बाडाची झेरॉक्स घेऊनच. "मास्तर, वाक्यं ऐकली का चाल आठवन का?"

"वाक्य आलं तं सूर येते मांगं मांगं. वाच."

"मले टाइम कुठी हाये? दुसऱ्या दोन नाटकाच्या तालमी चालू हायेत." मामाने झेरॉक्स माझ्या मांडीवर ठेवली. "हे पोरगी वाचन."

"मी?"

"मंग काय मशीन वाचन? हातानं लिहेल हाये."

रात्री मामाकडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या ओसरीवर बसून नाटक वाचायला लागले. लेखकाचं अक्षर तिरपं होतं आणि जोडाक्षर आलं की मी थांबायचे. घरातली एक सून आपल्या नवऱ्याला सोडून जाते आणि सासू तिला उंबरठ्यावर अडवते, असा प्रवेश होता. मी वाचलं, "थांब. या दारातून पाऊल बाहेर टाकलंस तर हे दार तुला कायमचं बंद."

मास्तरांच्या बायकोने जाळं बाजूला ठेवलं.

"बाई, ते सासू हाये ना?"

"हो."

"मंग सासूसारखं वाचा ना. तुमी तं रेशनच्या दुकानात नाव सांगून राह्यल्या."

"वाचू द्या तिले, सवय नाई," मास्तर म्हणाले.

"सवय नाई म्हणून काय सासू मरून पडन का? जोरानं म्हणा. तळ्यावर ऐकू गेलं पायजे."

मी दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. चौथ्यांदा मला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला, आणि तेवढ्यात मास्तरांनी पेटी पुढे ओढली. झाकण उघडलं, एका सुरावर बोट ठेवलं, भाता मारला. सूर निघाला. त्यांनी तोच सूर धरून ठेवला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळ्या पट्ट्यांवरून एकदा बोटं फिरवली, जणू घरातली माणसं मोजत होते. त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा जाळं हातात घेतलं.

"हां. पुन्हा म्हणा," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, आणि "कायमचं बंद"च्या पाठोपाठ चाल आली.

गुरुवार संपेपर्यंत पाच प्रवेश परत आले. कधी वाक्यासरशी चाल यायची, कधी तेच वाक्य वीस वेळा म्हणावं लागायचं. वाक्य आणि चाल पक्की बसली की फोनवर रेकॉर्डिंग, नाव, पुढचा प्रवेश. एक मात्र आलं नाही. नायिका पहिल्यांदा येते तेव्हाचं गाणं. श्रावणात पाच दिवस बसून लावलेली ती चाल, त्यांच्या मते त्या नाटकातली सगळ्यांत चांगली. मी ते शब्द वाचत राहिले, ते इकडून तिकडून सूर लावून बघत राहिले. जवळ यायचं आणि सरकून जायचं.

"गेली ते," शेवटी ते म्हणाले. "राहू द्या. दुसरी करतो."

ती चाल मी कधी ऐकली नव्हती. ती कशी होती हे आता कुणालाच कधी कळणार नाही, आणि हे भरून देता येण्यासारखं नाही. याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

दुपारी मास्तर थोडं आडवे व्हायचे तेव्हा मी लॅपटॉप उघडायचे. काढताना फोनने आधी विचारावं, असं मला वाटत होतं. बहुतेक ॲप तेच करतात. उठल्यावर त्यांना सांगितलं, की आता फोन विचारेल, खरंच काढायचं का, हो की नाही.

ते हसले. "बाई, तालमीत मालक विचारते, समजलं का? आमी सारे म्हणतो, हो जी. समजलं कोणालेच नसते. विचारणाऱ्याले हो म्हणायची सवय हाये आमाले. तुमी विचारान, मी हो म्हणन, अन् मंग रडत बसन."

मला ते पटलं. मीसुद्धा फोनने काहीही विचारलं की न वाचता "हो" दाबते.

त्यांच्या पेटीची एक काळी पट्टी जुनी झाली होती. दाबली की कधी कधी खालीच बसायची आणि सूर अडकून चालू राहायचा. गुरुवारी दुपारी नवी चाल लावताना ती तीनदा अडकली. मास्तर वाजवणं थांबवत नव्हते. त्याच बोटाने तीच पट्टी पुन्हा दाबायचे, ती टक् करून वर यायची, चाल पुढे जायची. मी बघत होते. माणूस त्याच जागी पुन्हा दाबणारच. त्याला तिथे नको म्हणायचं, थांबवायचं, प्रश्न विचारायचा, हे कशाला? दुसऱ्यांदा दाबलं की पहिलं उलटून यावं.

मी लगेच ते करायला बसले. रेकॉर्डिंग काढलं की आता यादी सरकत नाही. त्याच जागी, त्याच बोटाखाली "परत आणा" येतं. फोन आधी एक छोटा सूर वाजवतो, मग गेलेल्या रेकॉर्डिंगचं नाव घेऊन सांगतो, आणि ते बोलणं पूर्ण झाल्याशिवाय दुसरं काही बोलत नाही. काही ऐकू आलं नाही म्हणून कुणी पुन्हा दाबलं, तर गेलेलं परत येतं. तिसऱ्यांदा तिथेच दाबलं तर काहीच होत नाही, पुन्हा काढायचं तर बटण नव्याने शोधावं लागतं. या वेळी मी डोळ्यांवर ओढणी बांधून तपासलं. ओसरीवर. मास्तरांच्या बायको म्हणाल्या, "हे काय, आंधळी कोशिंबीर चालू केली का?"

मग मास्तरांनी तपासलं. सासूचा प्रवेश काढला. सूर वाजला, फोन म्हणाला, "सातवा प्रवेश काढला." त्यांनी पुन्हा दाबलं. "सातवा प्रवेश परत आला."

त्यांनी पुन्हा काढला, पुन्हा आणला. चार वेळा.

"मालकाच्या नाटकातला व्हिलन हाये हा," ते म्हणाले. "मारा, तरी मरत नाई."

"अन् दुसऱ्या दिवशी आठवलं तं?" त्यांच्या बायकोने विचारलं. जाळं सांधताना त्या सगळं ऐकत असत.

मी सांगितलं की काढलेलं एका वेगळ्या पेटाऱ्यात तीस दिवस राहील, मग आपोआप जाईल.

"तीस दिवस?" मास्तर म्हणाले. "हंगाम होळीपर्यंत चालते आमचा. एक नाटक दिवाळीत लागलं अन् मंग एकदम माघात लागलं, तवा ध्यानात येईन काय गेलं ते. तीस दिवस कोणी ठरवले?"

सगळे तीसच ठेवतात. मी तीस काढून टाकले. पेटारा ज्याचा त्याने स्वतः रिकामा करेपर्यंत आता काहीच जात नाही.

शुक्रवारी सीनियरला हे सगळं दाखवलं. या वेळी कॅमेरा चालू होता, कारण मागे ओसरीवर मास्तर बसले होते आणि ते कसं वापरतात हेच सीनियरला दाखवायचं होतं. सीनियरने दोनच गोष्टी विचारल्या आणि म्हणाला, पुढच्या आवृत्तीसाठी थांबायचं नाही, हे लगेच पाठवू.

त्याच दिवशी नायिकेच्या गाण्याची नवी चाल रेकॉर्ड झाली, म्हणजे सहा प्रवेश झाले. आठातले दोन राहिले, दोन्ही तिसऱ्या अंकातले. शनिवार उजाडला.

रंगीत तालीम एका धानाच्या गिरणीच्या शेडमध्ये होती. नवीन धान यायला अजून वेळ होता, म्हणून शेड रिकामी. दुपारचे बारा वाजले होते, वर पत्रे तापले होते. मालक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, खांद्यावर टॉवेल. त्यांनी मास्तरांना नमस्कार केला. मामा बाड घेऊन विंगेच्या जागी उभा राहिला. मी मागे, पोत्यांच्या थप्पीजवळ, जिथून मी कुणाला दिसणार नाही तिथे.

पहिला प्रवेश नीट गेला. दुसऱ्यात मास्तर एक वाक्य उशिरा आले, मामा खोकला आणि त्यांनी पकडलं. मग नायिकेची एंट्री. नागपूरहून आलेली ती नटी दोन ओळी म्हणाली आणि थांबली.

"मास्तर, ही चाल तीच आहे का? श्रावणात लावली म्हणून फोनवर सांगितलं होतंत, पण ऐकवली नव्हती, ती?"

"ते गेली, ताई."

"गेली म्हणजे?"

"गेली. ही नवीन हाये."

शेडमध्ये सगळे मालकांकडे बघायला लागले. मालकांनी टॉवेलने मान पुसली. "मास्तर, याच्यात दरवर्षीसारखा जोर नाई."

"नाई," मास्तर म्हणाले. "पयली मुरलेली होती. ही दोन दिसाची हाये. पयल्या प्रयोगापर्यंत बसन."

"ताई, तुमाले चालते का?"

नटीने पुन्हा दोन ओळी म्हणून बघितल्या. "चालते. पण पट्टी खाली घ्या, मला वर त्रास होतो."

मास्तरांनी पट्टी खाली घेतली. ती पूर्ण गाणं म्हणाली. गाणं वाईट नव्हतं. मला तर चांगलं वाटलं, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

दुसरा अंक संपला तेव्हा मालक म्हणाले, "चहा." मग खिशातून फोन काढून त्यांनी प्रेसवाल्याला लावला. शेडमध्ये सगळ्यांना ऐकू येत होतं. "हां, पोस्टर. ऑर्गनच्या समोर नाव टाक. कोणाचं म्हंजे? दरवर्षी कोणाचं असते? तेच. आता छाप."

मास्तर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही, फक्त दोन्ही हातांनी धरला. मामा विंगेतून माझ्याकडे बघत होता. मी पोत्यांच्या मागून थोडी पुढे आले होते, हे मला तेव्हा कळलं.

"तिसऱ्या अंकातले दोन प्रवेश अजून कच्चे हायेत," मास्तर मालकांना म्हणाले. "चहा होईपर्यंत बसवून घेतो. बाई हायेत का इथी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सासूचं काम करणारी बाई, नटी, तबलजी, मालक. मामाने बाड माझ्यापुढे धरलं, पान काढून. ऑर्गनपर्यंतचं अंतर फार नव्हतं. मी गेले. मास्तरांनी फोन ऑर्गनवर ठेवला होता, रेकॉर्डिंग चालू झाल्याचं तो बोलला, आणि त्यांचे पाय पेडलवर गेले.

पहिलं वाक्य सासऱ्याचं होतं. मी ते सासऱ्यासारखं म्हटलं.